मुक्काम किती दिवसांचा, निवासी कुठले?

मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली की घरात दोन महिने आधीपासून याद्या सुरू होतात. कुकर कुठला घ्यायचा, गोडा मसाला किती, दातांचं काम उरकायचं, गरम कपडे इथे घ्यायचे की तिकडे गेल्यावर. आय-ट्वेंटी, फीच्या पावत्या, बँकेचं पत्र यांची वेगळी फाइल होते आणि बाबा ती तीन-तीनदा तपासतात. चार वर्षांनी ती परत यायला निघते तेव्हा मात्र यादी कुणीच करत नाही. घरी यायचं तर कसली आली यादी, असंच सगळ्यांना वाटतं. खोली रिकामी करायची, गाडी विकायची, मैत्रिणींना भेटायचं आणि विमानात बसायचं.

हे पुस्तक त्या न झालेल्या यादीबद्दल आहे.

सीए म्हणून मी अशा मुलामुलींची इथली रिटर्न्स भरते. तिकडच्या रिटर्न्सच्या प्रतीही त्या निमित्ताने वाचाव्या लागतात. बहुतेक वेळा फोन आई-वडिलांचा येतो आणि तो मूल परतल्यावर सहा-आठ महिन्यांनी येतो. "ती आता कायमची आली आहे हो. तिकडचं तिकडे संपलं ना?" हा प्रश्न ऐकला की मी आधी एकच गोष्ट विचारते: निघाली कोणत्या तारखेला? समोरून महिना सांगितला जातो. तारीख आठवत नाही. आणि या विषयात तर सगळं त्या तारखेवरच उभं असतं.

पासपोर्ट भारतीय आहे म्हणून करासाठी आपण भारताचे निवासी, असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेत चार वर्षं राहिलो, पगार घेतला, म्हणजे त्या काळापुरते तिथले निवासी, असंही वाटतं. दोन्ही समज चुकीचे आहेत. करकायद्यातलं निवासीपण नागरिकत्वावर ठरत नाही आणि मन कुठे रमलं यावरही ठरत नाही. ते मुख्यतः मुक्कामाच्या दिवसांवर ठरतं. त्यातही प्रत्येक देश आपले दिवस आपल्याच वर्षात मोजतो. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. ब्रिटनचं ६ एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियाचं १ जुलैला. त्यामुळे 'वर्षाच्या मध्यावर देश सोडला' म्हणताना कुणाच्या वर्षाच्या, हे आधी विचारायला हवं. जूनअखेर निघालेल्या मुलीचं अमेरिकी वर्ष बरोबर अर्धं झालेलं असतं. भारताच्या वर्षाची तेव्हा फक्त पहिली तिमाही सरलेली असते.

आपल्या मुलांच्या बाबतीत सर्वांत जास्त गुंतागुंत अमेरिकेची आहे, म्हणून या पुस्तकाचा मोठा भाग तिच्यावर आहे. तिथली मुख्य कसोटी अशी: चालू वर्षातले सगळे दिवस, त्याआधीच्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याच्याही आधीच्या वर्षातल्या दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली, आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस मुक्काम असला, की माणूस करासाठी तिथला निवासी. एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याला मात्र यातून सूट आहे. त्याच्या पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस या बेरजेत धरलेच जात नाहीत. म्हणजे तो तिथे राहतो, शिकतो, कमावतो, तरी करासाठी अनिवासीच राहतो. अशा विद्यार्थ्याला तिथल्या कायद्यात 'एक्झेम्प्ट' म्हटलं आहे आणि या एका शब्दाने फार घोटाळा केला आहे. मुलं समजतात, आपल्याला कर माफ आहे. माफी आहे ती दिवसांच्या मोजणीतून. कर भरायचा असतोच, आणि कमाई शून्य असली तरी दरवर्षी फॉर्म ८८४३ द्यावाच लागतो. शेवटच्या वर्षाचा तो फॉर्म हमखास राहून जातो, कारण त्याची मुदत येते तेव्हा मूल भारतात नोकरी शोधत असतं.

ही पाच वर्षं कॅलेंडरची आहेत, हे नीट लक्षात घ्यावं. जानेवारीत सत्र सुरू होणार म्हणून एखादा मुलगा २९ डिसेंबरला तिकडे उतरला, तर त्या तीन दिवसांतच त्याच्या पाचांपैकी एक वर्ष संपतं. १ जानेवारीला उतरला असता तर ते हातात राहिलं असतं. व्हिसाच्या नियमांना या दोन तारखांचं काही वाटत नाही, करकायद्याला वाटतं.

खरा पेच सहाव्या वर्षाचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पदवीसाठी गेलेला मुलगा घ्या. २०१९ ते २०२३ ही त्याची सुटीची पाच वर्षं झाली. २०२४ मध्ये त्याचे दिवस पहिल्यांदा मोजायला सुरुवात झाली. तेव्हा तो शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, नोकरी करत होता आणि जानेवारीपासून एकदाही देशाबाहेर गेला नव्हता. मागच्या वर्षांचे दिवस सुटलेले असल्याने बेरीज फक्त त्या एका वर्षाची. तो ३० जूनला विमानात बसला, तर दिवस भरतात १८२. १ जुलैला बसला, तर १८३, कारण निघण्याचा दिवसही मोजतात आणि २०२४ लीप वर्ष होतं. ३० जूनला निघाला तर तो पूर्ण वर्ष अनिवासी राहतो. १ जुलैला निघाला तर १ जानेवारीपासून निवासी ठरतो आणि त्याच्या वर्षाचे दोन तुकडे पडतात: निघेपर्यंत निवासी, नंतर अनिवासी. निवासी असतानाच्या सहा महिन्यांत जगातलं सगळं उत्पन्न दाखवायचं, म्हणजे आजोबांनी गावच्या बँकेत नावावर ठेवलेल्या मुदत ठेवीचं व्याजसुद्धा. सामाजिक सुरक्षेची कपात जानेवारीपासूनच्या पगारावर लागू होते. अशा दुभंगलेल्या वर्षात सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट साधारणपणे मिळत नाही. शिवाय निघाल्यानंतर आपलं घर आणि कामधंदा भारतातच आहे हे सिद्ध करता आलं तरच वर्षाचा दुसरा तुकडा अनिवासी ठरतो. नाहीतर ३१ डिसेंबरपर्यंत निवासीच. तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून प्रवास दोन दिवस पुढे ढकलताना हे कुणाच्या मनातही येत नाही.

आता पाच वर्षांच्या आतच परतणाऱ्यांकडे येते, कारण संख्येने तेच जास्त, आणि त्यांना वाटतं आपल्याला यातलं काहीच लागू नाही.

कोल्हापूरची एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. ८ ऑगस्ट २०२१ ला ती एम.एस. करायला गेली, शिक्षण संपवून ओपीटीवर नोकरी केली, ३० जून २०२५ ला तिथून निघाली आणि १ जुलैला मुंबईत उतरली. अमेरिकेच्या दृष्टीने २०२१ ते २०२५ ही बरोबर पाच वर्षं झाली, म्हणून २०२५ मध्येही ती पूर्ण वर्ष अनिवासी. रिटर्न भरायचं ते फॉर्म १०४०-एनआरवर, १५ एप्रिल २०२६ पर्यंत. इथे एक चांगली बातमीही आहे. पगारातून कर कापताना कंपनी असं धरते की हा पगार बारा महिने मिळणार आहे. महिन्याला ६,००० डॉलर पगार असेल, तर कपात ७२,००० च्या हिशेबाने होते. मुलीने सहा महिनेच काम केलं, म्हणजे उत्पन्न ३६,००० डॉलर. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या १९८९ च्या करकराराच्या कलम २१ प्रमाणे भारतीय विद्यार्थ्याला अनिवासी असूनही प्रमाणित वजावट मिळते. बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ही सवलत नाही. २०२५ साठी ती १५,७५० डॉलर आहे. उरलेल्या २०,२५० डॉलरवर संघराज्याचा कर सुमारे २,२०० डॉलर होतो आणि कापलेला असतो साधारण ३,७००. म्हणजे जवळपास १,५०० डॉलर परत मिळायला हवेत. मूल परतलं आणि 'तिकडचं संपलं' म्हणून रिटर्नच भरलं नाही, तर ही रक्कम तिकडेच राहते. परतावा मागायला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. माझ्याकडे काहीजण ती उलटल्यावर आले आहेत आणि त्यांच्याकडे नुसतं बघत राहण्याखेरीज मी काही करू शकले नाही.

याच पगारातली दुसरी रक्कम सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरची. एफ-वनवरच्या अनिवासी विद्यार्थ्याच्या पगारातून ती कापायचीच नसते. तरी काही कंपन्या कापतात. दर ७.६५ टक्के, म्हणजे ३६,००० वर २,७५४ डॉलर. ती आधी कंपनीकडे मागायची, कंपनीने नकार दिला तर फॉर्म ८४३ भरून करखात्याकडे. निघण्यापूर्वी शेवटची पगारपत्रकं एकदा शांतपणे वाचली तर हे दिसतं. भारतातून दूरध्वनीवर एखाद्या कंपनीच्या पगार विभागाला गाठणं किती कठीण असतं, ते ज्यांनी केलं आहे त्यांनाच माहीत.

घाईत होणारी आणखी एक चूक म्हणजे निवाशांसाठीचा साधा फॉर्म १०४० भरून टाकणं. बाजारातली लोकप्रिय सॉफ्टवेअर बहुधा तोच फॉर्म पुढे करतात. कोविडच्या काळात तिथल्या सरकारने लोकांना १,२०० डॉलरची मदत पाठवली, तेव्हा चुकीचा फॉर्म भरलेल्या अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या खात्यात ती आली आणि नंतर परत करायची वेळ आली. फुकट मिळालेल्या पैशासारखं वाटलं तरी ते आपलं नव्हतं. अशी चूक झाली असेल तर फॉर्म १०४०-एक्स भरून दुरुस्त करता येते आणि ती करावीच. पुढे कधी पुन्हा अमेरिकेत जायचं झालं, तर जुनी रिटर्न्स बरोबर असणं उपयोगी पडतं.

शेअर्सचा धडा छोटा आहे, पण महागडा. कॅलेंडर वर्षात १८३ किंवा जास्त दिवस तिथे राहिलेल्या अनिवासी विद्यार्थ्याला शेअर्सच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागतो. व्हिसामुळे दिवसांना मिळणारी सूट इथे लागू नाही. उलट बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर अनिवाशाला तिथे कर नाही. राज्यांचा कारभार पुन्हा वेगळाच. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा करच नाही, तर कॅलिफोर्निया आपल्या राज्यकरासाठी केंद्राचे करकरार मानत नाही, म्हणून कलम २१ चा आधार तिथे चालत नाही.

ही झाली अमेरिकेची बाजू. लोकांना धक्का बसतो तो भारताच्या बाजूने.

आपल्या कायद्यात आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलं तर निवासी. किंवा ६० दिवस राहिलं आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस राहिलं असलं, तरीही निवासी. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा, २०२५ चा कायदा लागू झाला, पण ही मोजणी जुन्यासारखीच आहे. आता कोल्हापूरच्या मुलीचे दिवस मोजा. १ एप्रिल ते ८ ऑगस्ट २०२१ हे १३० दिवस. ते साठाहून जास्त आहेत, आणि आधीची चार वर्षं ती इथेच होती. म्हणजे २०२१-२२ या पूर्ण आर्थिक वर्षात ती भारताची निवासी होती, ऑगस्टमध्ये कायमचं सामान बांधून गेली असली तरी. आपल्याकडे वर्षाचे दोन तुकडे पाडायची सोय नाही. जो निवासी, तो पूर्ण वर्ष निवासी. त्या वर्षी सप्टेंबरपासून मार्चपर्यंत तिने विद्यापीठात वर्ग घेऊन, पेपर तपासून मिळवलेलं मानधन भारतातल्या रिटर्नमध्ये यायला हवं होतं. शिक्षणखर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, पण कामाचा मोबदला हा पगारच. तिकडे उघडलेलं बँक खातंही परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायला हवं होतं. परदेशात खातं असलेल्या निवाशाला उत्पन्न काहीच नसलं तरी रिटर्न भरावं लागतं, हे किती पालकांना माहीत असतं?

नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला ही ६० दिवसांची अट नाही. त्याला १८२ दिवसांची मुभा आहे. शिक्षणासाठी जाणाऱ्याचा मात्र त्या तरतुदीत उल्लेख नाही. मला हे न्याय्य वाटत नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्येच परिपत्रक काढून शिकायला परदेशी गेलेल्यांना विदेशी चलन कायद्यापुरतं अनिवासी भारतीय मानलं. म्हणजे त्याच मुलीला बँक सांगते, तू अनिवासी आहेस, तुझं बचत खातं अनिवाशांचं एनआरओ खातं करून घे, आणि आयकर कायदा सांगतो, तू या वर्षी निवासी आहेस, जगभरातलं उत्पन्न दाखव. दोन्ही आपापल्या जागी कायदेशीर आहेत. मधे सापडते ती तेवीस वर्षांची मुलगी, जिला पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पैसे मिळालेले असतात. नोकरीची सवलत शिक्षणालाही द्यावी, ही मागणी पालकांनी, विद्यार्थी संघटनांनी आणि आम्ही सीए मंडळींनी सरकारकडे लावून धरायला हवी. एका शब्दाची भर पुरेशी आहे.

कोल्हापूरच्या मुलीची मधली तीन वर्षं सरळ गेली. दिवाळीला तीन आठवडे घरी आली तरी ती अनिवासीच राहिली. परतीच्या वर्षी पुन्हा प्रश्न उभा राहिला. १ जुलै २०२५ ते ३१ मार्च २०२६ हे २७४ दिवस. त्यामुळे २०२५-२६ मध्ये ती निवासी, आणि पुन्हा पूर्ण वर्ष. म्हणजे एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांचा अमेरिकेतला १८,००० डॉलर पगारही भारतातल्या रिटर्नमध्ये येतो. त्यावर तिकडे भरलेल्या कराचं श्रेय मिळतं, पण दोन देशांची वर्षं जुळत नसल्याने कोणत्या तीन महिन्यांचा किती कर, हे कागद लावून दाखवावं लागतं. बरीच वर्षं बाहेर राहून परतणाऱ्यांना पहिल्या एक-दोन वर्षांसाठी एक मधला दर्जा मिळतो, ज्यात परदेशातल्या उत्पन्नाला बहुतांशी सूट असते. ओळखीच्या कुणी काकांना तो मिळालेला असतो, म्हणून आपल्या मुलीलाही मिळेल असं घरचे धरून चालतात. त्यासाठी आधीच्या सात वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांपेक्षा जास्त नसावा लागतो, किंवा आधीच्या दहांपैकी नऊ वर्षं अनिवासी असावं लागतं. हिची २०१८ ते २०२१ ही तीनच वर्षं मिळून हजारावर दिवस होतात. तिला हा दर्जा मिळत नाही.

अमेरिकेतलं बँक खातं, निवृत्तीचं ४०१(के) खातं, नोकरीत मिळालेले शेअर्स हे सगळं तिला परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात लिहावं लागेल, आणि तो तक्ता आर्थिक वर्षाचा नसून कॅलेंडर वर्षाचा असतो. न दाखवल्यास १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. स्थावर सोडून बाकी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून त्या दंडातून सूट मिळते. दंड नाही म्हणजे दाखवायचं नाही, असा अर्थ मात्र कुणी काढू नये.

हे वाचून काहींना वाटेल, एवढं सगळं एका विद्यार्थ्याने करायचं? मी म्हणेन, यातलं बरंचसं काम निघण्याआधीच्या एका दुपारचं आहे. डब्ल्यू-२ हा पगाराचा दाखला जानेवारीअखेर निघतो, म्हणून कंपनीला भारतातला पत्ता आणि स्वतःचा ईमेल देऊन ठेवायचा. कॉलेजचा ईमेल पुढे बंद होतो. परतावा हातात पडेपर्यंत तिथलं बँक खातं बंद करायचं नाही. करखात्याला पत्ता बदलल्याचा फॉर्म ८८२२ पाठवायचा. अमेरिका सोडताना विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसत नाही, म्हणून बोर्डिंग पास जपायचा आणि आय-९४ च्या प्रवासनोंदी उतरवून घ्यायच्या. पासपोर्टचं नूतनीकरण झालं असेल तर जुना पासपोर्टही ठेवायचा, कारण आपल्या इमिग्रेशनचे शिक्के त्यातच आहेत.

इतर देशांसाठी शेवटी छोटी प्रकरणं आहेत. कॅनडात दिवसांपेक्षा घर, जोडीदार, मुलं अशा नात्यांना जास्त वजन आहे. ब्रिटनमध्ये ठरावीक अटी पुऱ्या झाल्या तर वर्षाची रीतसर फोड करता येते. ऑस्ट्रेलियातून निघालेल्या विद्यार्थ्याला व्हिसा संपल्यावर सुपरअॅन्युएशनचे, म्हणजे निवृत्तीनिधीचे पैसे, मोठा कर वजा होऊन का होईना, मागता येतात, आणि अनेकजण ते मागतच नाहीत.

परदेशी पाठवण्यासाठी आपल्याकडे गल्लोगल्ली सल्लागार आहेत. परीक्षा, अर्ज, कर्ज, व्हिसा, सगळ्याचे वर्ग निघाले. परत येणाऱ्याला कागद कसे मिटवायचे हे सांगायला कुणी बसलेलं नाही, कारण त्यात कुणाचं कमिशन नाही. विद्यापीठांची परदेशी विद्यार्थी कार्यालयंही विद्यार्थी निघून गेल्यावर त्याची सहसा चौकशी करत नाहीत. म्हणून हे पुस्तक मराठीत लिहिलं. ते मुलांनी वाचावंच, पण मला ते आई-वडिलांच्या हातात जास्त हवं आहे. मूल परीक्षेत आणि नोकरीच्या धावपळीत असतं. तारखांची वही घरी बसलेल्या माणसाला जास्त नीट ठेवता येते.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता दिला आहे: देशाबाहेर गेल्याची तारीख, परत आल्याची तारीख, पुरावा कुठे ठेवला आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी मुलाला फोन लावा, पासपोर्ट समोर घ्यायला सांगा आणि तो तक्ता भरून टाका.